पिटी, सिम्पथी आणि सोनगीरची द्रौपदाबाई

सोनगीर, ता. ९ जानेवारी १९८९

महिना झाला धुळ्याचे पाहुणे तुला पाहून गेले, आणि मला ते भाईदास कंडक्टरकडून कळतं. मी तुझ्या बापाची आई आहे का त्याच्या एस.टी.तली प्रवासी? पाहण्याच्या दिवशी मला बोलावलं नाही. का, तर म्हणे माझं तोंड. बापाला, लोटनला सांग, याच तोंडाने मास्तरशी भांडून मी त्याचं नाव शाळेत घातलं होतं. तेव्हा ते तोंड चाललं.

चि. कोकिळेस मोठ्या मायचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुरी आल्या, म्हैस आटली.

भाईदास म्हणतो, मुलगा अभिमन, शाळेत सायन्स शिकवतो. बाप तोताराम, आई लिलाबाई. त्यांना मुलगी पसंत आहे. मग मुलाने तुला इंग्रजीत पत्र पाठवलं आणि ते वाचून तू दोन दिवस जेवली नाहीस. तुझी आई कलाबाई शेजारी सांगत फिरते की पत्र फार चांगलं आहे. तिला इंग्रजी कधी यायला लागलं?

त्यात काय लिहिलं आहे ते मला शब्दाशब्दाने कळव. शिवी असली तरी चालेल, पण मला समजली पाहिजे. मी दुसरी पास आहे आणि हे पत्र माझ्या हाताने लिहिते आहे. जोडाक्षर आलं की थोडी थांबते, एवढंच.

द्रौपदाबाई


मेहरूण, जळगाव, ता. १५ जानेवारी १९८९

ती. मोठ्या मायस कोकिळाचा शिरसाष्टांग नमस्कार.

भाईदासकाकांबरोबर बोरं पाठवली आहेत, आपल्या तळ्याकाठची. गोड आहेत.

तुला बोलावलं नाही, ते चुकलं. मी आबांना तेव्हाच म्हटलं होतं.

पत्र दीड पानाचं आहे. चांगल्या कागदावर, ओळी सरळ. त्यात पिटी हा शब्द दोनदा आहे, सिम्पथी तीनदा, कम्पॅशन एकदा आणि शेवटी मर्सी. डिक्शनरीत चारही शब्दांपुढे दया असंच लिहिलेलं आहे. पण मी बी.ए.ला इंग्रजी घेऊन शेवटच्या वर्षाला बसले आहे, मला त्यांतला फरक कळतो. कळला नसता तर बरं झालं असतं.

पिटी म्हणजे दुसऱ्याचं वाईट पाहून आलेली दया, पण वरून खाली पाहून आलेली. सिम्पथी म्हणजे त्याला वाईट वाटलं म्हणून आपल्यालाही वाटणं. कम्पॅशन म्हणजे त्याच्या दुःखात जाऊन बसणं आणि काहीतरी करणं. आणि मर्सी म्हणजे हातात काठी असताना न मारणं.

मोठी माय, माझ्या उजव्या डोळ्यात फूल पडलं आहे हे मला माहीत आहे. रोज आरशात दिसतं. चौथ्या वर्षी गोवर आला तेव्हापासून ते तिथे आहे. त्याबद्दल कोणी, मी अर्ज केलेला नसताना, दया मंजूर करून पाठवावी हे मला नको आहे. या माणसाशी लग्न केलं तर रोज सकाळी तो मला चहाबरोबर दया देईल, आणि मी आभार मानत बसेन.

मी नकाराचं पत्र लिहून ट्रंकेत ठेवलं आहे. आई म्हणते, दया तर दया, मुलगा नोकरीचा आहे. आबा काही बोलत नाहीत. त्यांनी पाहुण्यांना एवढंच सांगितलं आहे की आमच्या आईच्या होकाराशिवाय काही ठरत नाही. म्हणून तू मला लिही, नकार बरोबर आहे म्हणून. म्हणजे आई गप्प बसेल.

आणि त्याला काही लिहू नकोस. हात जोडते.

तुझी,
कोकिळा


सोनगीर, ता. २० जानेवारी १९८९

बोरं पोचली. भाईदासने वाटेत किती खाल्ली ते त्याच्या शर्टावर दिसत होतं.

चि. कोकिळेस आशीर्वाद.

तुझे चार शब्द चार दिवस डोक्यात घेऊन फिरले. साहेबाने शब्द केले ते चांगलं केलं, पण माणसं त्याच्या आधीपासून इथेच होती. मयताच्या घरी दारवर जाऊन रडण्यात माझी हयात गेली. सोनगीरपासून नरडाण्यापर्यंत बाया मला बोलावून नेतात, कारण मी सुरू केलं की बाकीच्यांना सोपं जातं. कोणाची दया कसली असते ते मला विचार.

तुझे आजोबा गेले तेव्हा शेजारची सुनंदाबाई दारवर आली. उंबऱ्यातच उभी राहिली, अरेरे म्हणाली, आणि तेवढ्यात माझं फडताळ पाहून घेतलं. त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला चांगलं गरम वाढलं असेल तिने. ही तुझी पिटी.

चमेलीबाई आली ती माझ्यापेक्षा जास्त रडली. तिला पाणी मलाच पाजावं लागलं. कुंकू पुसलं माझं आणि पाठीवरून हात फिरवून घेतला तिने. ही सिम्पथी.

दगडीबाई एक शब्द बोलली नाही. घरात पण आली नाही. मागच्या दाराने गोठ्यात गेली, म्हशीला वैरण टाकली, धार काढली, शेण उचललं आणि तशीच परत गेली. तेरा दिवस. ही ती तिसरी, नाव अवघड आहे ती. दगडीबाईला विचारशील तर म्हणेल मी असलं काही केलं नाही.

आणि मर्सी म्हणजे मी. तुझ्या आईच्या हातची खिचडी चोवीस वर्षं खाते आहे आणि बोलले नाही.

आता हा अभिमन यांतला कोणता? पत्रावरून कळत नाही. त्याने चारही लिहिले. आपल्याकडे नवीन दुकान टाकलं की माणूस सगळाच माल दारात मांडतो, तसं केलं आहे. माणूस कसा आहे ते अडचणीत दारात आल्यावर कळतं. तोवर तुझं नकाराचं पत्र ट्रंकेतच राहू दे. तिथे ते खराब होत नाही.

तू म्हणतेस त्याला लिहू नको. पण तुझं पत्र यायच्या आधीच मी कार्ड टाकून बसले होते. आता काय करणार.

द्रौपदाबाई


सोनगीर, ता. २१ जानेवारी १९८९
(पोस्टकार्ड. जागा संपल्यामुळे शेवटची ओळ वरच्या कोपऱ्यात वळवलेली. कोपरा फाडलेला.)

सोनगीरहून द्रौपदाबाईकडून धुळ्यास अभिमन मास्तर यांना.

तुम्ही माझ्या नातीला इंग्रजीत चार प्रकारची दया पाठवली. आम्ही एकही मागवली नव्हती. मुलगी आहे, दुष्काळी तालुका नाही. तुम्हाला काय म्हणायचं होतं ते मला मराठीत कळवा. घरच्यांना विचारून लिहू नका, तुमचं तुम्ही लिहा. अक्षर मोठं काढा. आणि तुमच्या आईबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे की


सोनगीर, ता. २६ जानेवारी १९८९

मी मेलेली नाही. हे आधी लिहिते, कारण जळगावपर्यंत काय पोचलं असेल सांगता येत नाही.

चि. कोकिळेस आशीर्वाद. जिवंत माणसाचा.

काल सकाळी दहाच्या सुमाराला ओट्यावर तुरी निवडत बसले होते. गल्लीच्या तोंडाशी रडणं ऐकू आलं. आवाज धुळ्याकडचा, चांगला तापलेला. म्हटलं, कोण गेलं, आणि मला कसं बोलावलं नाही. पाहते तर पाच बाया, पदर नाकापर्यंत ओढलेला, मागे तीन पुरुष खाली मान घालून. सरळ माझ्या ओट्याकडे आले. पुढच्या बाईने काही न पाहता माझ्या गळ्यात हात टाकले.

आता माझ्या गळ्यात कोणी पडलं की मला रडू येतं. त्यात माझा इलाज नाही, हाताला सवय लागते तशी गळ्याला लागली आहे. मी पण सुरू केलं. दोघी अशा रडलो की सुनंदाबाई हातातलं पीठ न धुता धावत आली. श्वास घ्यायला थांबलो तेव्हा मी हळूच विचारलं, "कोण गेलं वं माय?"

"द्रौपदाबाई गेली वं."

"कशी होती वं?"

"मी कधी पाहिली नाही वं. तोंडाची फटकळ होती म्हणतात वं. पण तिच्या होकारावर माझ्या पोराचं अडलेलं होतं वं."

मग मी तिचा पदर वर केला आणि म्हटलं, "लिलाबाई, मी जित्ती शे."

तिने माझ्या गळ्यातले हात काढले. मागच्या चौघी रडतच होत्या, त्यांना थांबवायला वेळ लागला. सुनंदाबाईने त्यांना सांगितलं, हीच ती. सांगताना तिला जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं.

झालं होतं असं. कार्डाचा कोपरा फाटलेला पाहिला आणि लिलाबाईने ते दारातच अडवलं. कोपरा फाडलेलं कार्ड मयताचं, ते घरात नेत नाहीत, ठेवत पण नाहीत. तोताराम चष्म्याशिवाय उभ्या उभ्या वाचायला गेले. सोनगीर आणि द्रौपदाबाई एवढं वाचलं आणि रीतीप्रमाणे कार्ड फाडून टाकलं. पोरगा शाळेत होता. सोयरिक होवो न होवो, दारवर गेलंच पाहिजे म्हणून ही मंडळी गाडी करून आली.

आणि कोपरा मीच फाडला होता. त्यात लिलाबाईबद्दल एक ओळ लिहिली होती. लिहिल्यावर मनात आलं, न पाहिलेल्या बाईला असं कशाला म्हणा. खोडलं तरी वाचता येत होतं. घरात दुसरं कार्ड नव्हतं. म्हणून तेवढा कोपरा काढला. उभ्या जन्मात पहिल्यांदा शब्द मागे घेतला आणि त्यापायी मेले. जी शंभर जणींच्या दारात जाऊन रडली, तिच्या हे लक्षात येऊ नये. कोणाला सांगू नकोस.

दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून त्यांनी पिठलं-भाकरी आणली होती. सगळे बसून जेवलो. माझ्या मरणाचं पिठलं मी खाल्लं. मीठ कमी होतं, ते मी लिलाबाईला सांगितलं. ती म्हणाली, घाईत केलं, तुमच्या बातमीने हात चालत नव्हते. बाई वाईट नाही.

पण पोरगा आला नव्हता. विचारलं तर तोताराम म्हणाले, सकाळच्या पहिल्या गाडीने कुठे गेला ते सांगून गेला नाही. बघ आता. चार प्रकारची दया कागदावर, आणि म्हातारी मेली तर स्वारी बेपत्ता. हे मी त्याच्या आईला तोंडावर बोलून दाखवलं. तुझं नकाराचं पत्र आता टाकायला हरकत नाही.

द्रौपदाबाई


मेहरूण, जळगाव, ता. ३१ जानेवारी १९८९

ती. मोठ्या मायस नमस्कार.

तू त्याला लिहिलंस. मी हात जोडले होते. आणि तुझं कार्ड माझ्या पत्राच्या आधी गेलं हे खोटं आहे, कारण चार शब्द तुला मीच कळवले होते. आता भांडत नाही, कारण त्या दिवशी अर्धी घटका मला वाटलं होतं की परत कधी भांडता येणार नाही.

तो बेपत्ता नव्हता. इथे आला होता.

पंचवीस तारखेला आबा ड्युटीवर, आई बाजारात. बाराच्या सुमाराला फाटकाशी कोणी उभं आहे असं दिसलं. आत येईना, जाईना. मी बाहेर गेले तर अभिमन. शर्टाची बटणं एक सोडून एक लावलेली. म्हणाला, "आधी तुम्ही बसा." मी म्हटलं, का? तर म्हणाला, "बसा ना." मी ओट्यावर बसले. तो खाली पायरीवर बसला आणि म्हणाला, "सोनगीरहून कार्ड आलं आहे, कोपरा फाडलेलं." मग तुझं नाव घेतलं.

सोनगीरला निघायचं म्हणून मी आत जाऊन पिशवी काढली. मग एकदम आठवलं की त्याच सकाळी आठ वाजता भाईदासकाकांनी तू पाठवलेली भरताची वांगी आणून दिली होती, आणि तू त्यांना गाडी उशिरा आणली म्हणून स्टँडवर सगळ्यांसमोर काय काय बोललीस ते सांगितलं होतं. मी म्हटलं, "कार्ड कधी आलं?" म्हणाला, "काल." मी म्हटलं, "मग काल मेलेली म्हातारी आज पहाटे कंडक्टरला शिव्या देत होती."

त्याने खाली पाहून शर्टाची बटणं नीट लावली. नंतर म्हणाला, "मला वाटलं, तुम्हाला कार्डावरून कळू नये. कोणीतरी येऊन सांगावं." आणि मग, "मी जातो." पण उन्हातून उभ्याने आलेला माणूस, तसं कसं पाठवायचं. पाणी दिलं. बोरं होती ती दिली. चारच्या गाडीने गेला.

पत्रातल्या शब्दांबद्दल मी काही विचारलं नाही, त्यानेही काही सांगितलं नाही. नकाराचं पत्र टाकायचं राहिलं आहे. सव्वीसला पोस्ट बंद होतं.

कोकिळा


धुळे, ता. १ फेब्रुवारी १९८९

ती. आजींना अभिमनचा साष्टांग नमस्कार.

तुमचं कार्ड मला वाचायला मिळालं नाही. त्यात काय होतं ते आईने तुमच्याकडून ऐकून मला सांगितलं. तुम्ही म्हणालात म्हणून मराठीत आणि मोठ्या अक्षरात लिहितो. घरी कोणाला विचारलेलं नाही.

मी सायन्सचा माणूस. कोकिळाताई इंग्रजीच्या, म्हणून वाटलं इंग्रजीत लिहिलं तर बरं दिसेल. मराठी-इंग्रजी डिक्शनरी उघडली. मला जे म्हणायचं होतं त्यासाठी मराठीत शब्द सुचत नव्हता, म्हणून दयेपासून सुरुवात केली, आणि तिथे जे जे दिलं होतं ते एक एक करून सगळं लिहिलं. वाटलं, त्यातला एक तरी बरोबर बसेल. एकही बसला नाही.

जे घडलं ते सांगतो. पाहायला गेलो तेव्हा त्यांच्या आईंनी खुर्ची खिडकीकडे तिरकी मांडली होती, म्हणजे आम्हाला डावीच बाजू दिसावी. कोकिळाताई आल्या, चहा ठेवला, खुर्चीकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी ती खुर्ची उचलून आमच्या समोर सरळ ठेवली आणि बसल्या. माझ्याकडे पाहिलं, दोन्ही डोळ्यांनी. माझी आई बशीत पाहत राहिली. मी पण पाहणाऱ्यांच्या बाजूलाच बसलो होतो आणि मला माझीच लाज वाटली. त्यांची दया आली नाही. आली असेल तर आम्हा खुर्च्यांवर बसलेल्या लोकांची आली.

हे इंग्रजीत कसं लिहायचं ते मला अजून कळलेलं नाही. त्यांचा नकार असेल तर तो बरोबर आहे असं मी समजेन.

आपला,
अभिमन


सोनगीर, ता. ७ फेब्रुवारी १९८९

सव्वीसला पोस्ट बंद होतं. सत्तावीसला काय झालं होतं? अठ्ठावीसला? माणूस बाराला आला, चारला गेला, आणि सांगायची होती दोन वाक्यं. उरलेल्या वेळात बोरं कोणी खाल्ली ते मी विचारत नाही.

चि. कोकिळेस आशीर्वाद.

अभिमनचं पत्र आलं, तेच यासोबत पाकिटात घातलं आहे. वाच. खुर्चीचं तू मला सांगितलं नाहीस. कोणालाच सांगितलं नाहीस. कलाबाईने तुला खिडकीकडे तिरकी बसवली हे कळलं असतं तर मी त्याच दिवशी जळगावला आले असते, म्हणून सांगितलं नसशील. कलाबाईला मी वेगळं पत्र लिहिते आहे. त्यात तिसरा शब्द नसेल, चौथा पण नसेल.

पोरगा अडचणीत माझ्या दारात आला नाही म्हणून मी त्याच्या आईला बोलले, ते मी परत घेते. दुःख जिथे होणार होतं तिथे तो गेला. बटणं धड न लावता गेला. दगडीबाईच्या जातीचा आहे, त्याला स्वतःला माहीत नाही. त्याला तुझी दया येत नाही हे मी आता तुला लिहून देते, सही करून. त्याच्या इंग्रजीची तुला यावी, एवढं चालेल. संसारात कोणाची तरी येतच असते.

पण पत्र चांगलं आहे म्हणून हो म्हणायचं नाही. मला जिवंत पाहून लिलाबाईला बरं वाटलं म्हणून पण नाही. तू रोज ज्या घरात उठशील तिथे कोणी तुझी खुर्ची फिरवायला लागलं, तर ती तुला परत परत सरळ करावी लागेल, हातात बळ आहे का ते बघ. मला वाटतं आहे. पण मला काय वाटतं ते विचारायला तू लहान नाहीस.

परवा लिलाबाई परत आली होती, या वेळेस पदर वर करून. विचारलं, "मोठी माय, होकार ना तुमचा?" मी म्हटलं, मी एकदा मेलेली बाई, माझा होकार कशाला धरता. जिला पाहायला गेला होतात तिला विचारा. ती म्हणाली, मुलीला कसं विचारायचं, आमच्यात तसं नाही. मी म्हटलं, आमच्यात आजपासून आहे.

तेव्हा ऐक. धुळ्याला उत्तर जाईल ते तुझ्या हातचं. हो असलं तरी तू लिहायचं, नाही असलं तरी तूच. लोटनने खाली सही करायची नाही, कलाबाईने वरून वाचायचं नाही, मी तर लिहिणारच नाही. आणि अभिमनच्या नावाने लिही, त्याच्या बापाच्या नको.

द्रौपदाबाई